एकाच मजल्यावरचे दोन वॉर्ड आणि एकातूनच येणारे राजीनामे

धागाकर्ती: रात्रपाळी

नमस्कार. मी सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिनच्या स्त्री-वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरीला १४ वर्षे झाली आणि इन्चार्ज होऊन २. रुग्णालयाचे नाव लिहिणार नाही, आणि कोणी ओळखलेच तर कृपया येथे लिहू नये.

आमच्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताला पुरुषांचा वॉर्ड आहे आणि उजव्या हाताला माझा. दोन्हीकडे २८ खाटा आहेत, सिस्टर तेवढ्याच आहेत, पगार तोच आहे आणि राउंड घेणारे सरही तेच आहेत. एप्रिल-मेमध्ये उन्हाने भोवळ येऊन किंवा जुलाब-उलट्यांनी भरती होणाऱ्यांची गर्दीसुद्धा दोन्हीकडे सारखीच असते. असे असताना गेल्या सहा महिन्यांत माझ्या वॉर्डातून तीन सिस्टर नोकरी सोडून गेल्या, आणि समोरच्या वॉर्डातून गेल्या तीन वर्षांत एकही गेलेली नाही.

तिघींनीही राजीनाम्यात ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिले. त्यांपैकी आठ वर्षे काम केलेली एक जण पुढे रिक्षा थांब्यावर भेटली, तेव्हा म्हणाली, “सिस्टर, कामाला मी कधी भ्यायले नाही हो. पण शेवटी शेवटी तो जिना चढताना पायात गोळे यायचे.” पुढे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, कारण उत्तरात माझे नाव येईल अशी धास्ती वाटली.

व्यवस्थापनाने यावर उपाय म्हणून रविवारी सकाळी ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर एक सत्र ठेवले आणि हजेरी सक्तीची केली. रात्रपाळी संपवून आलेल्या मुलींना त्यासाठी अडीच तास थांबावे लागले. डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या असे सांगताच दोघी बसल्या जागी झोपल्या, आणि त्या झोपल्या म्हणून त्यांची नावे लिहून घेण्यात आली.

माझा प्रश्न सरळ आहे. ज्याला बर्नआउट म्हणतात ते कामाच्या ओझ्याने येते, की काम करून घेणाऱ्या माणसाने येते? मी स्वतः आता करून घेणाऱ्यांत मोडते, म्हणून विचारते आहे. ध्यान, प्राणायाम, आहार याविषयीचे सल्ले कृपया देऊ नयेत.


प्रतिसाद: भुईकोट

ताई, आपला प्रश्न सरळ असला तरी तो विचारणारे वरिष्ठ फार थोडे असतात. मी जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवतो, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी मांडतो.

बर्नआउट हा शब्द आरोग्यसेवेच्या संदर्भात प्रथम रुळवला तो हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मन लावून काम करणारे लोक काही काळाने कसे कोरडे आणि चिडखोर होतात, हे त्यांनी तिथे स्वतः काम करताना पाहिले होते. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, जी आजही वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी तपासल्या जातात. पहिली म्हणजे भावनिक दमणूक. दुसरी म्हणजे रुग्णाला माणूस न मानता ‘सात नंबरची खाट’ मानू लागणे. तिसरी म्हणजे आपल्या हातून काही चांगले घडते आहे ही जाणीवच विझणे. नुसता थकवा असेल तर तो दोन दिवसांच्या सुट्टीने उतरतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सुट्टीवरून परत येणाऱ्या माणसालाही पहिल्याच दिवशी जिना जड जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली, आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या व्याख्येत बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था, असे त्याचे वर्णन आहे. हे मान्य केले, तर रविवारच्या सत्राला खुर्चीवर कोणाला बसवायला हवे होते, हा प्रश्न निघतो.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये टेट शॅनफेल्ट आणि सहकाऱ्यांनी २८१३ डॉक्टरांकडून त्यांच्या थेट वरिष्ठाला १२ बाबींवर गुण देऊन घेतले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाबी साध्याच होत्या: वरिष्ठ सन्मानाने वागवतो का, बदल होण्याआधी सांगतो का, मत विचारतो का, चांगल्या कामाची दखल घेतो का. प्रत्येक बाबीला ५ पैकी गुण होते. एकूण गुणांत एकाची वाढ झाली की त्या डॉक्टरमध्ये बर्नआउट असण्याची शक्यता ३.३ टक्क्यांनी कमी दिसली. एक गुण म्हणजे काहीच नव्हे, पण दोन वरिष्ठांमध्ये दहा-पंधरा गुणांचे अंतर सहज असू शकते.

अर्थात हा एका वेळी घेतलेला आढावा आहे. करपलेल्या माणसाला वरिष्ठ वाईटच दिसतो, असेही त्यात काही प्रमाणात असणार. शिवाय ते डॉक्टर अमेरिकेतले आहेत, आपल्या मजल्यावरच्या सिस्टर नव्हेत. तरीही तो अभ्यास मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला लावतो.


प्रतिसाद: निवृत्त परिसेविका

मी सरकारी सेवेतून परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, म्हणून निवृत्त झाले आहे, आणि सरांच्या विवेचनाला माझी हरकत आहे.

नेतृत्व, संस्कृती हे शब्द फार सोयीचे आहेत, कारण ते वापरल्याने कोणाला एकही पद भरावे लागत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक सिस्टर आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक सिस्टर असे आहे. धागाकर्तीने २८ खाटांवर रात्री किती सिस्टर असतात ते लिहिलेले नाही, पण मी पैजेवर सांगते की दोन असतील, आणि त्यांतली एक कोणाला तरी सीटी स्कॅनला घेऊन गेलेली असेल. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा लिंडा एकन यांचा २००२ मधला अभ्यास सरांना ठाऊक असेलच. एका सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की तिच्यात बर्नआउट असण्याचा संभव २३ टक्क्यांनी वाढतो आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. वरिष्ठ कितीही गोड बोलणारा असला तरी हा हिशेब बदलत नाही.

दुसरे असे की, इन्चार्ज सिस्टर म्हणजे ‘नेतृत्व’ हे ऐकून मला हसू आले. वॉर्डातली चादर फाटली, बीपीचे यंत्र हरवले, थर्मामीटर फुटले की नोंदवहीत सही इन्चार्जची असते. वरून मेमो आला तर तो तिला येतो आणि खालून रडारड आली तर तीही तिच्याकडे येते. स्वच्छतेची मावशी आली नाही म्हणून फिनेल टाकून फरशी पुसलेली इन्चार्ज मी स्वतः आहे. तिला कोणी शिकवले आहे का, की माणसे कशी सांभाळायची? नर्सिंगच्या शिक्षणात वॉर्ड-व्यवस्थापनाचा धडा असतो, पण आमच्या वेळी त्यात साठा-रजिस्टर कसे ठेवावे एवढेच नीट शिकवले जायचे.

आणखी एक गोष्ट सोलापूरबाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. आपल्याकडे अक्कलकोट, विजयपूर, कलबुर्गीकडून कन्नड बोलणारे रुग्ण येतात आणि पूर्व भागातून तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका येतात. ज्या सिस्टरला या भाषा येतात, तिला तिच्या खाटा सोडून दिवसभर हाका मारल्या जातात. माझ्या वॉर्डातल्या अशा एका मुलीला एकदा कॅज्युअल्टीत, एकदा एक्स-रेला आणि दोनदा ओपीडीत बोलावले गेले, आणि तिच्या खाटांवरची औषधे उशिरा गेली म्हणून मेमोही तिलाच मिळाला. त्या मेमोला उत्तर मी लिहून दिले होते. तो प्रसंग मला अजून आठवतो, म्हणजे सर म्हणतात त्यात थोडे तथ्य असेलही.


प्रतिसाद: रात्रपाळी

परिसेविका ताई, तुमची पैज तुम्ही जिंकलात. रात्री दोनच असतात. पण समोरच्या वॉर्डातही रात्री दोनच असतात, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे.

तुमचा प्रतिसाद वाचून मी गेले चार दिवस समोरच्या वॉर्डाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. तिथल्या इन्चार्ज सिस्टर बोलायला मुळीच गोड नाहीत. उलट त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येतो. परंतु पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट त्या २५ तारखेला लावतात, आणि लिस्ट करण्याआधी एक वही फिरवतात, जिच्यात प्रत्येकीने आपापल्या अडचणीचे दिवस लिहायचे असतात. त्या वहीत मी डोकावले, तर लग्न, बारसे, मुलाची परीक्षा यांच्या बरोबरीने ‘पाणी’ असे लिहिलेले दिसले. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते. ज्या घरात पाणी भरायला दुसरे कोणी नाही, त्या बाईने त्या दिवशी नाईट केली तर पुढचे चार दिवस घर कोरडे राहते. हे मला स्वतःच्या घराबाबत ठाऊक आहे, पण लिस्ट करताना कधी सुचले नाही.

माझी लिस्ट आदल्या संध्याकाळी लागते. कधी कधी मोबाइलवर कळवले जाते. रात्री नऊ वाजता ‘उद्या सकाळऐवजी नाईट’ असा संदेश मी स्वतः कितीदा पाठवला असेल, याची मोजदाद नाही.


प्रतिसाद: सात रस्ता

मी निवासी डॉक्टर होतो. आता एमडी पूर्ण झाले आहे. कोणत्या संस्थेत होतो ते सांगत नाही, शहर सोलापूर नव्हते.

निवासी डॉक्टरांबाबत नियम नाहीत असे नाही. १९९२ च्या केंद्रीय निर्देशानुसार सलग ड्युटी साधारणतः दिवसाला १२ तासांच्या आणि आठवड्याला ४८ तासांच्या आत असायला हवी. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास आणि एक साप्ताहिक सुट्टी अशी शिफारस केली. म्हणजे ३२ वर्षांत कागदावरची अपेक्षासुद्धा २६ तासांनी सैल झाली. मी पहिल्या वर्षी सलग ३६ तासांच्या ड्युट्या केल्या आणि त्या केल्याचा मला त्या वेळी अभिमान होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तो अभिमान येतो कुठून, याचा मी पुढे विचार केला. आमचे एक वरिष्ठ मी सोलापूरचा म्हणून मला नेहमी सुनवायचे, “अरे, तुमच्या गावचे कोटणीस ७२ तास न झोपता ऑपरेशन करत उभे होते.” डॉ. द्वारकानाथ कोटणीसांविषयी सोलापुरात वाढलेल्या कोणालाही वेगळे काही सांगायला नको. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि युद्धाच्या आघाडीवर राबले. पण ते ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेले, हे त्या वरिष्ठांनी कधी सांगितले नाही. आघाडीवर जखमींची रांग लागलेली असताना स्वतःहून जागणारा माणूस आणि मंगळवारच्या ओपीडीत तीन पदे रिकामी आहेत म्हणून जागवला जाणारा माणूस, यांना एकाच मापाने मोजणे हा कोटणीसांवरही अन्याय आहे.

संस्कृती म्हणजे काय, हे मला एका चुकीने शिकवले. आपल्याकडे इन्सुलिनच्या नेहमीच्या कुपीत एका मिलीलीटरला ४० युनिट असतात आणि पेनच्या काडतुसात १०० असतात. त्यासाठी सिरिंजही वेगवेगळ्या असतात. रात्री तीन वाजता पेन बिघडले म्हणून काडतुसातले इन्सुलिन मी ४० च्या सिरिंजने ओढून दिले. म्हणजे रुग्णाला अडीचपट मात्रा गेली. तासाभरात साखर खाली आली, सिस्टरने ओळखले, ग्लुकोज लावले आणि रुग्ण सावरला.

त्या युनिटच्या वरिष्ठांनी सकाळी राउंडमध्ये सगळ्यांसमोर, रुग्णाच्या मुलादेखत, मला विचारले की मी पदवी कुठून विकत आणली. त्यानंतरच्या चार महिन्यांत त्या युनिटमधून एकही चूक वर कळवली गेली नाही. चुका होत होत्या. माझ्याच हातून आणखी एक झाली होती. पुढे मी दुसऱ्या युनिटमध्ये गेलो. तिथे हीच घटना सहज बोलण्यात निघाली, तेव्हा तिथल्या मॅडमनी फक्त एवढेच विचारले, “दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये होत्या का?” दुसऱ्या दिवसापासून ट्रे वेगळे झाले. दोन्ही युनिटमध्ये रुग्णसंख्या सारखी होती आणि झोपही तितकीच कमी मिळायची, तरी दुसऱ्या युनिटमध्ये मला कधी घरी पळून जावेसे वाटले नाही.

एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या वरिष्ठांच्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या आढळल्या. आधी ते उलटेच वाटले होते. मग लक्षात आले की तिथे चुका सांगायला माणसे भीत नाहीत, म्हणून आकडा मोठा दिसतो. आमच्या पहिल्या युनिटचा आकडा अर्थातच शून्य होता आणि त्याबद्दल त्यांचे कौतुकही झाले होते.


प्रतिसाद: चाटी गल्लीकर

मी २५ खाटांचे एक छोटे रुग्णालय चालवतो, त्यामुळे येथे मी आरोपीच्या पिंजऱ्यात आहे असे समजून लिहितो.

प्रशिक्षित सिस्टर सोलापुरात टिकत नाहीत याची कारणे वरिष्ठाच्या जिभेपेक्षा मोठी आहेत. त्या पुण्याला जातात, आखातात जातात, सरकारी भरती निघाली की एका दिवसात तीन जणी जातात, आणि त्यांनी जावे यात मला वावगे वाटत नाही. माझ्यासारख्याला त्या पगाराशी स्पर्धा करता येत नाही. दुसरे म्हणजे, घरातले सहा जणांचे करून, सासू-सासऱ्यांचे बघून, पाणी भरून बाई ड्युटीवर येते ती निम्मी दमूनच येते. त्याचे खापर रुग्णालयावर फोडणे मला पटत नाही.

एवढे लिहून एक गोष्ट कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या नातेवाइकांनी सलाइन बदलायला उशीर झाला म्हणून आरडाओरडा केला. दहा-बारा जण होते. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, त्याचा फलकही माझ्या स्वागतकक्षात लावलेला आहे. पण समोर जमाव असताना मालकाला फलक आठवत नाही, काचा आठवतात. मी त्या सिस्टरला सगळ्यांसमोर झापले, नातेवाइकांची माफी मागायला लावली आणि प्रसंग निभावला. नंतर तिला आत बोलावून “मनावर घेऊ नको, तेव्हा तसे बोलावेच लागते” असे म्हणालो आणि माझ्या मते विषय मिटला.

ती महिन्याभरात गेली. तिच्या जागी आलेलीही गेली. सात रस्ता यांचा राउंडमधला प्रसंग वाचेपर्यंत या दोन गोष्टींचा संबंध मी जोडला नव्हता. सलाइनला उशीर का झाला होता, तर त्या वेळी ती एकटी होती, आणि ती एकटी होती कारण दुसरीची सुट्टी मीच मंजूर करून बदली माणूस दिला नव्हता.


प्रतिसाद: उपकेंद्रवाली

शहरातल्या मंडळींचे वरिष्ठ निदान समोर दिसतात. मी जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका, आहे. आमचे वरिष्ठ व्हॉट्सॲपमध्ये राहतात.

सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असावे असे प्रमाण आहे. माझ्याकडे त्याहून बरीच जास्त गावे-वस्त्या आहेत. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, क्षयरोगाचे सर्वेक्षण हे माझे काम आहे आणि त्याचा मला कंटाळा नाही. बाळंतीण बाई दोन महिन्यांनी बाळ दाखवायला येते तेव्हा सगळे भरून पावते. दमणूक होते ती एकच माहिती चार नमुन्यांत, दोन ॲपमध्ये आणि एका ग्रुपवर फोटोसह पाठवण्यात. रात्री साडेदहाला ‘तात्काळ’ असे लिहून संदेश येतो आणि सकाळी नऊच्या आत माहिती न दिलेल्यांची नावे लाल रंगात येतात. आषाढीला आमच्या ड्युट्या पंढरपुरात लागतात, तेव्हा वाळवंटाच्या गर्दीत उभ्या असतानाही लाल यादीत नाव येतेच, कारण गावाकडचे रिपोर्ट थांबलेले नसतात. वारीतल्या ड्युटीचा मात्र कधी शीण वाटला नाही. तिथे पाय दुखतात, पण वारकरी माउली म्हणून हाक मारतात आणि शिबिरातले वैद्यकीय अधिकारी आमच्याबरोबर त्याच पत्रावळीवर जेवतात.

आशाताईंचे तर आणखी अवघड आहे. २००५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून त्या ‘स्वयंसेविका’ आहेत, म्हणजे काम नोकरीचे आणि मोबदला कामागणिक. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, त्या दिवशी आमच्या ग्रुपवर शंभर फुले पडली. मोबदला थकलेला होता, तो त्यानंतरही थकलेलाच राहिला.

आमच्याकडे मध्यंतरी एक तालुका आरोग्य अधिकारी आले होते. त्यांनी आल्याबरोबर दोन गोष्टी केल्या. संध्याकाळी सहानंतर साथ किंवा मृत्यू सोडून ग्रुपवर काही टाकायचे नाही असे सांगितले, आणि कोणते नमुने एकमेकांची नक्कल आहेत याची यादी आमच्याकडूनच करून घेऊन त्यांतले तीन बंद केले. पदे तेवढीच रिकामी राहिली, निधी वाढला नाही, तरी ते दीड वर्ष आम्ही माणसासारखे काम केले. त्यांची बदली झाली आणि पुढच्या आठवड्यात रात्री साडेदहाचा संदेश पुन्हा आला. एका माणसावर उभी राहिलेली व्यवस्था त्या माणसाबरोबर जाते, याचे काय करायचे ते सरांनी सांगावे.


प्रतिसाद: भुईकोट

उपकेंद्रवाली ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. त्या अधिकाऱ्यांनी नियम तोंडी ठेवले असावेत. ते लेखी परिपत्रक म्हणून निघाले असते, तर पुढच्याला निदान ते रद्द करण्याचा कागद काढावा लागला असता आणि खाली कोणाची सही करायची हा विचार करावा लागला असता. सरकारी यंत्रणेत एवढ्यानेही बराच फरक पडतो.

परिसेविका ताईंचा आक्षेप मात्र मी मागे सारणार नाही. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी पुढे बर्नआउटच्या मुळाशी असणारी सहा क्षेत्रे सांगितली: कामाचे ओझे, कामावरचा स्वतःचा ताबा, मोबदला व दखल, सहकाऱ्यांमधले नाते, न्याय, आणि मूल्यांचा मेळ. ओझे हे त्यांतले पहिले आहे आणि ते पदे भरल्याशिवाय कमी होत नाही. तिथे कोणी ‘संस्कृती’ पुढे करत असेल तर ताईंनी त्याला जरूर अडवावे. पण उरलेल्या पाचांपैकी चार क्षेत्रे या धाग्यातच सापडतात. पाण्याची वही हा ताबा आहे, थकलेला मोबदला आणि माउली ही हाक यांत दखल आहे, पत्रावळ हे नाते आहे, तेलुगू बोलणाऱ्या सिस्टरचा मेमो आणि नातेवाइकांसमोरची माफी या न्यायाच्या गोष्टी आहेत. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडले होते की भारी काम आणि हातात काहीच ताबा नसणे, ही जोडी माणसाला सर्वाधिक पोळते. धागाकर्तीच्या मजल्यावर काम दोन्हीकडे भारी आहे. ताबा फक्त डावीकडच्या वॉर्डात आहे.

चाटी गल्लीकर, बाई घरून दमून येते हे खरेच आहे, आणि नेमके म्हणूनच लिस्ट कधी लागते याला महत्त्व येते. रविवारच्या सत्राविषयीही एक नोंद करतो. डॉक्टरांमधला बर्नआउट कमी करण्याच्या उपायांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये मारिया पॅनाजिओटी आणि सहकाऱ्यांनी घेतला. उपायांचा एकूण परिणाम लहानच होता, पण व्यक्तीला शिकवण्यापेक्षा संस्थेत बदल करणारे उपाय अधिक गुणकारी आढळले. ध्यान निरुपयोगी नाही. ते नाईट संपलेल्या माणसाची झोप मोडून करायला लावले तर मात्र ते आणखी एक ड्युटी होते.


प्रतिसाद: निवृत्त परिसेविका

सर, एवढे मान्य केलेत म्हणून मीही थोडे मान्य करते. मी इन्चार्ज असताना चूक सांगणाऱ्या मुलीला आधी ओरडायचे आणि मग मदत करायचे. क्रम उलटा असायला हवा होता. पण मला ओरडणाऱ्या मेट्रनबाई तर मदतही करत नसत, त्यामुळे मी स्वतःला फार सुधारलेली समजत होते.


प्रतिसाद: रात्रपाळी

दोन महिने झाले, म्हणून धागा वर काढते आहे.

समोरच्या इन्चार्ज सिस्टरांकडे एका दुपारी डबा घेऊन गेले आणि शिकवा म्हणाले. त्यांनी आधी मला वेड्यात काढले, मग शेंगाचटणीचा डबा पुढे सरकवला आणि मलाच विचारले की मी लिस्ट आदल्या दिवशी का लावते. मला उत्तर देताना जड गेले. लिस्ट लावली की वरून फोन येतो, आयसीयूत कमी आहेत, दोघी पाठवा. लावलेली लिस्ट मोडायला लागू नये म्हणून मी ती शेवटच्या क्षणापर्यंत लावतच नव्हते. म्हणजे वरची अनिश्चितता मी जशीच्या तशी खाली सरकवत होते. त्यांच्याकडेही तसाच फोन येतो. त्या फोनवर “लेखी द्या” म्हणतात आणि देणाऱ्याचे नाव लिस्टवर लाल शाईने लिहितात. त्यामुळे त्यांच्याकडे फोन कमी येऊ लागले आणि ती झळ बहुधा माझ्याकडे वळली असावी, हे त्यांनीच हसत सांगितले.

आता आम्ही दोघींनी मिळून मेट्रन मॅडमना अर्ज दिला आहे की लिस्ट लागल्यावर वॉर्डातून सिस्टर हलवायची असेल तर त्यांची सही लागेल आणि दोन्ही वॉर्डांनी पाळीपाळीने माणूस द्यायचा. त्यावर अजून ‘बघू’ एवढेच उत्तर आहे. रात्री तिसरी सिस्टर मिळावी हा अर्जही सोबत जोडला आहे, परिसेविका ताईंनी सांगितलेल्या प्रमाणासह. तो परत आलेला नाही आणि मंजूरही झालेला नाही.

वही सुरू केली. पहिल्या महिन्यात कोणीच काही लिहिले नाही. मी पानावर काय शोधते आहे, याचा मुलींना संशय आला असावा. मग मी स्वतःच्या नावापुढे ‘पाणी, मंगळवार’ असे लिहून ती पुन्हा फिरवली. या महिन्यात सात जणींनी लिहिले आहे. एकीने फक्त ‘झोप’ असे लिहिले आहे आणि पुढे तारीख घातलेली नाही. तिला कोणता दिवस द्यायचा ते उद्या ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलण्याच्या, वेळी विचारणार आहे.

रिक्षा थांब्यावर भेटलेल्या सिस्टरला फोन केला होता. तिला दुसरीकडे नोकरी लागली आहे आणि ती परत येणार नाही. जिन्याचे कारण मी होते का, असे मी विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “तुम्ही पण होतात, सिस्टर.” मग तिने माझ्या मुलाच्या दहावीची चौकशी केली.